गूगलला दंड, पोटॅशला मोकळं रान

२०२२ची दिवाळी मी गावी काढली. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगाव तालुक्यात. हलका धान कापणीला आला होता, भारी धान अजून बांध्यांमध्ये उभा होता. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. त्याच्या चार दिवस आधी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांना प्ले स्टोअर हवं असेल, तर सर्च, क्रोम, यूट्यूब असं सगळं गाठोडं घ्यावंच लागेल, ही गूगलची अट आयोगाला गैर वाटली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, दुसरा आदेश आला. प्ले स्टोअरवर पैसे घ्यायचे तर गूगलच्याच यंत्रणेतून घ्या, या सक्तीबद्दल आणखी ९३६ कोटी ४४ लाख.

मी पुण्यात मोबाइल ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर त्या दिवशी फटाके फुटत होते. गूगलला दरमहा द्यावा लागणारा हिस्सा मी आकड्यांत ओळखतो, त्यामुळे मीही त्यात होतो. ओसरीवर बसून फोनवर आदेशाचा सारांश वाचत होतो आणि शेजारी बाबा हंगामाचा हिशेब मांडत होते. त्यांच्या वहीत जुलैमधलं कृषी केंद्राचं बिल टाचलेलं होतं. युरिया, दोन गोण्या. पोटॅश, एक गोणी, १,७०० रुपये. आणि खाली कसल्याशा द्रवरूप खताची एक बाटली.

ही बाटली कशाला घेतली, मी विचारलं.

"घेतली नाही, देल्ली," बाबा म्हणाले. "युरिया पाहिजे तं बाटली घ्या लागते."

याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. खरिपात युरियाची चणचण असते. दुकानदार सांगतो, युरिया आहे, पण त्याच्यासोबत हे घ्यावं लागेल. 'हे' म्हणजे दुकानात पडून असलेलं, कंपनीने त्याच्याही गळ्यात मारलेलं काहीतरी. शेतकरी बाटली घरी आणतो आणि खिडकीत ठेवतो. आमच्या खिडकीत तेव्हा तीन होत्या.

मी फोनकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. प्ले स्टोअर हवं तर सर्च घ्या, युरिया हवा तर बाटली घ्या. दोन्हींचं वर्णन एकाच कायद्यात, स्पर्धा कायदा २००२ मध्ये आहे. पहिल्यासाठी आयोगाने साडेतीन वर्षं चौकशी केली. दुसऱ्यासाठी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करायची असते, आणि ती केली की पुढच्या खरिपात त्या दुकानात तुम्हाला युरिया मिळत नाही.

पण बाटलीवर लिहायला मी बसलेलो नाही. बाटली दोन-अडीचशेची. मला त्या बिलातली मधली ओळ खुपली: पोटॅश, १,७००.

मी नववीत होतो तेव्हाचं मला आठवतं, पोटॅशची गोणी सायकलच्या कॅरिअरवर बांधून मी आणली होती आणि घरी आल्यावर तिच्या किमतीवरून आई-बाबांचं वाजलं होतं. २०१०च्या सुरुवातीला पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, टनाला ४,४५५ रुपयांनी मिळायचं, ५० किलोची गोणी सव्वादोनशेच्या आत. दोन वर्षांत तीच गोणी साडेआठशेच्या घरात गेली. त्याच काळात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला १,००० रुपयांवरून १,२५० वर आला. धानाच्या मापात बोलायचं तर २०१० मध्ये पोटॅशच्या एका गोणीला २२ किलो धान पुरत होता, २०१२ मध्ये ६७ किलो लागला, आणि २०२२ मध्ये, हमीभाव २,०४० असताना, ८३ किलो.

आमच्या भागात हे काय आहे ते न कळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश अशी तीन मुख्य अन्नद्रव्यं लागतात. युरियातून नत्र मिळतं आणि पान हिरवंगार होतं. पालाश डोळ्यांना दिसत नाही. तो धानाच्या काडीला बळ देतो, दाणा भरायला मदत करतो, रोग-किडीला तोंड द्यायची ताकद देतो. ऑक्टोबरात वारा-पाऊस आला आणि लोंबीने वाकलेला धान आडवा झाला, की नुसता युरिया खाल्लेली बांधी कोणती ते कळतं. तरीही भाव चढल्यावर शेतकऱ्याने सगळ्यात आधी हात आखडला तो पालाशवर. देशात २०१०-११ मध्ये ३५ लाख टन पालाश वापरला गेला होता, २०१२-१३ मध्ये २१ लाख टनांहून कमी. "पोटास कोण टाकते आता," हे वाक्य मी तेव्हापासून गावात ऐकतो.

हा भाव कोण ठरवतं? गावात विचारलं तर उत्तर येतं, सरकार. कृषी केंद्रवाला म्हणतो, कंपनी. खरं उत्तर आहे: बऱ्याच अंशी सास्काटून आणि मिन्स्क.

भारतात पोटॅशची एकही चालू खाण नाही. गोणी न् गोणी बाहेरून येते. आणि जगात पोटॅश विकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात खाणी असलेल्या कंपन्यांनी परदेशी विक्रीसाठी कॅनपोटेक्स नावाची एक सामाईक संस्था काढलेली आहे. ती १९७०च्या दशकापासून चालू आहे, आणि आज तिच्या मालक दोन: न्यूट्रिएन आणि मोझेक. एरवी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या या कंपन्या भारताच्या बंदराकडे येताना एकच विक्रेता होतात, एकच भाव सांगतात. पलीकडे बेलारूसची सरकारी कंपनी आणि रशियाची उरालकाली यांनी २००५ पासून बेलारशियन पोटॅश कंपनी या एकाच नावाने विक्री सुरू केली. जगातल्या पोटॅश व्यापाराचा निम्म्याहून कितीतरी अधिक भाग या दोन टपऱ्यांवरून जायचा.

हे चोरून चाललेलं नाही. कॅनडाच्या स्पर्धा कायद्यात निव्वळ निर्यातीपुरत्या संगनमताला सूट आहे. अमेरिकेत तशी सूट देणारा कायदा १९१८चा आहे, वेब-पोमरीन नावाचा. अर्थ सरळ आहे: घरच्या माणसाला लुबाडलंत तर तुरुंग, बाहेरच्याला लुबाडलंत तर व्यापार.

या संगनमताने खरंच भाव चढतो का, की मी उगाच बोंब मारतोय? याचा पुरावा मला काढावा लागलेला नाही, त्यांनीच दिला. २०१० मध्ये बीएचपी या ऑस्ट्रेलियन खाणकंपनीने कॅनडाची पोटॅशकॉर्प विकत घ्यायचा प्रस्ताव दिला. बीएचपीचं धोरण होतं, खाणी पूर्ण क्षमतेने चालवायच्या आणि माल स्वतः विकायचा, कॅनपोटेक्समधून नाही. सास्काचेवानच्या सरकारच्या पोटात गोळा आला. भाव पडला तर रॉयल्टी बुडणार. विरोध इतका झाला की कॅनडाने तो सौदा अडवला, आणि माघार घेताना बीएचपीने जे जाहीर केलं ते कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं: आम्ही पाच वर्षं कॅनपोटेक्समध्ये राहायचंही कबूल केलं होतं. म्हणजे संगनमतात राहण्याचं वचन ही कंपनी विकत घेण्याची एक अट म्हणून टेबलावर होती.

दुसरा पुरावा मिन्स्कचा. ३० जुलै २०१३ रोजी उरालकालीने बेलारूसशी काडीमोड जाहीर केला आणि सांगितलं की आता आम्ही आमचा माल आमच्या बळावर, हवा तेवढा विकू. त्या एका निवेदनाने जगभरच्या पोटॅश कंपन्यांचे शेअर कोसळले. बेलारूसने काय करावं? पुढच्या महिन्यात उरालकालीच्या प्रमुखाला बोलणीसाठी मिन्स्कला बोलावलं आणि परत जाताना विमानतळावर अटक केली. स्पर्धा सुरू केल्याबद्दल माणूस आत गेल्याचं दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही. आणि भारताचा करार? २०१३ मध्ये टनाला ४२७ डॉलर होता, २०१४ मध्ये ३२२ झाला.

मी हिशेब करून पाहिला. टनामागे १०५ डॉलर. तेव्हाचा डॉलर साठ रुपयांच्या आसपास. ५० किलोच्या गोणीमागे सव्वातीनशे रुपयांच्या जवळ. भारत वर्षाला साधारण ३० ते ४० लाख टन पोटॅश आणतो. मधला आकडा धरला तर एका वर्षाचे २,२०० कोटी रुपये. गूगलवरचे त्या दिवाळीचे दोन्ही दंड एकत्र केले तर साधारण एवढेच होतात. हे सगळे पैसे संगनमताचेच होते असं मी म्हणत नाही. मागणी, मका-सोयाबीनचे जागतिक भाव, या गोष्टीही त्यात असतात. आणि २०१२ची चढलेली गोणी ही एकट्या कॅनपोटेक्सची करणी नव्हती. रुपया घसरला होता, आणि एप्रिल २०१० पासून सरकारने अनुदानाची रक्कम बांधून देऊन वरचा भाव मोकळा सोडला होता. २०२२चा भावही बेलारूसवरचे निर्बंध आणि युक्रेनचं युद्ध यांनी फुगलेला होता. पण दोन विक्रेत्यांचं भांडण झालं आणि भाव पाव हिश्शाने उतरला, तर भांडण होण्याआधी ते काय करत होते, हा प्रश्न विचारायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

हा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला. तिथल्या खत खरेदीदारांनी या कंपन्यांवर दावा लावला. त्यांचा एक मुख्य युक्तिवाद असा होता की हे लोक भारत, चीन आणि ब्राझील यांच्याशी चढा भाव ठरवतात आणि मग तोच भाव मापदंड म्हणून आमच्या माथी मारतात. २०१२ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयाने हा दावा चालवण्याजोगा ठरवला, आणि पुढच्या वर्षी कंपन्यांनी आरोप अमान्य करत, पण कोट्यवधी डॉलर मोजून, तडजोड केली. नीट लक्षात घ्या. भारताने मोजलेला भाव हा त्या खटल्यातला पुरावा होता. साक्ष आमची, भरपाई त्यांची. आम्हीही त्याच न्यायालयात जावं म्हटलं तर ती वाट २००४ मध्येच बंद झाली आहे. जीवनसत्त्वांच्या आंतरराष्ट्रीय कार्टेलच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की परदेशात झालेल्या नुकसानीसाठी परदेशी ग्राहकाने आमच्या दारात येऊ नये. मला त्यात काही चूक दिसत नाही. ज्याचं त्याने आपल्या घरी पाहावं.

आपल्या घरी काय आहे? आपल्या घरी कलम ३२ आहे.

स्पर्धा कायद्याचं कलम ३२ सांगतं की करार भारताबाहेर झालेला असला, करणारे भारताबाहेर असले, तरी त्याचा स्पर्धेवर वाईट परिणाम भारतात होत असेल तर आयोग चौकशी करू शकतो आणि आदेश देऊ शकतो. हे कलम हवेतून आलं नाही, आणि त्याची गोष्ट मोठी बोधक आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या सोडा ॲश उत्पादकांची अशीच एक सामाईक निर्यात संस्था, अन्सॅक, भारतात माल विकायला आली. इथल्या उत्पादकांच्या संघटनेने तेव्हाच्या एमआरटीपी आयोगाकडे धाव घेतली. आयोगाने १९९६ मध्ये मनाई केली. अमेरिकेने व्यापारसवलती काढून घेऊ म्हणून डोळे वटारले. शेवटी जुलै २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरिदास एक्स्पोर्ट्सच्या निकालात ती मनाई रद्द केली. परदेशात झालेल्या करारापर्यंत जुन्या कायद्याचा हात पोचत नव्हता. त्याच वर्षी संसदेपुढे नवा कायदा होता, त्यात हा हात कलम ३२ने लांब केला.

आता यातली मेख बघा. त्या खटल्यात तक्रार काय होती? अमेरिकन माल स्वस्त येतोय, अशी. कारखानदारांना स्वस्ताई झोंबली तेव्हा संघटना, वकील, आयोग, सर्वोच्च न्यायालय, अमेरिकेचे व्यापारदूत असं सगळं हललं. शेतकऱ्याला महागाई झोंबते तेव्हा पान हलत नाही. हात लांब झाला त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण पोटॅशच्या एकाही निर्यातदारावर आयोगाने आजवर दंड बसवलेला नाही.

हात वापरताच येत नाही असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने मोटारगाड्या वाहून नेणाऱ्या जपानी जहाज कंपन्यांना संगनमताबद्दल साधारण ६३ कोटींचा दंड केला. भाव न फोडण्याचं त्यांचं आपसांतलं ठरवणं काही गोंदियाच्या रेल्वे स्टेशनवर झालं नव्हतं. आणि पोटॅशचा बाजार आयोगाला माहीत नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. २०१७ मध्ये पोटॅशकॉर्प आणि ॲग्रियम यांच्या विलीनीकरणाला, ज्यातून आजची न्यूट्रिएन झाली, आपल्या आयोगाने अशी अट घातली की चिली, जॉर्डन आणि इस्रायल इथल्या पोटॅश कंपन्यांमधले पोटॅशकॉर्पचे हिस्से विकून टाका. कंपनीने निमूटपणे विकले. चिलीतल्या कंपनीतला एकटा हिस्सा चार अब्ज डॉलरला गेला. दिल्लीतल्या एका कार्यालयाच्या शब्दावर सास्काटूनची कंपनी चार अब्ज डॉलरची मालमत्ता विकते, ही ताकद लहान नाही. कॅनपोटेक्स मात्र त्या सगळ्यातून जशीच्या तशी बाहेर आली.

मग सप्टेंबर २०२२. गूगलवरच्या दंडाच्या जेमतेम महिनाभर आधी तीन भारतीय खत कंपन्यांनी कॅनपोटेक्सशी सामंजस्य करार केला: तीन वर्षं, वर्षाला १५ लाख टनांपर्यंत पोटॅश. केंद्रीय खतमंत्र्यांनी त्याचं स्वागत केलं, शेतकऱ्यांना पुरवठ्याची हमी मिळाली म्हणून. युद्धाच्या वर्षात पुरवठा बांधून घेणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, माझ्या बाबांनाही गोणी हवीच होती. पण एका महिन्यात एका सामाईक विक्रेत्याशी हात मिळवायचा आणि पुढच्या महिन्यात एका बलाढ्य कंपनीला दंड करून 'भारतीय ग्राहकाचं रक्षण' म्हणवून घ्यायचं, यातला भारतीय ग्राहक कोण आहे ते मला कळलं. तो मी आहे. बाबा नाहीत.

मला माहीत आहे की इथे काही वाचक म्हणतील, आपणही एकत्रच विकत घेतो. खरं आहे. इंडियन पोटॅश लिमिटेड पुढे होऊन सौदा करते, बाकीचे आयातदार साधारण त्याच भावाने उचलतात, आणि सरकारची नजर वरून असते. विक्रेत्यांच्या टोळीपुढे खरेदीदारांची टोळी, मग बिघडलं कुठे? बिघडलं इथे की विक्रेता खाण बंद ठेवून बसू शकतो. २००९ मध्ये मागणी पडली तेव्हा त्यांनी तेच केलं. भाव पाडण्याऐवजी उत्पादन खाली आणलं. खाणीतलं पोटॅश वर्षभर थांबलं तर सडत नाही. आपल्याकडे जून येतो, पऱ्हे तयार होतात, जुलैत रोवणी लागते. करार लांबवत नेता येतो, मृग नक्षत्र लांबवता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: दुखावलं तर ते ब्राझीलला विकतील, आपण काय खाणार? पण ब्राझील आणि चीनही याच भावाने घेतात, आणि त्यांनाही तो आवडतो असं नाही. सोडा ॲशच्या वेळी अमेरिकेने ज्या सवलती काढायची धमकी दिली होती त्या तिने जून २०१९ मध्ये, भलत्याच कारणाने, काढूनही घेतल्या. ज्या भीतीने गप्प बसलो ती भीती खरी होऊन गेली, आणि गप्प बसणं तेवढं शिल्लक राहिलं.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही, पण खरा तोच आहे: शेतकऱ्यामागे रक्कम ती कितीशी? धानाला हेक्टरी ५० किलो पालाशची शिफारस आहे, म्हणजे दोन गोण्यांहून थोडं कमी. आमची शेती साडेतीन एकर. सगळी शिफारस पाळली तरी अडीच गोण्या, फरक धरा हजार रुपयांच्या आत. एवढ्यासाठी कोण वकील करेल? कोणीच नाही. म्हणूनच तर आयोग असतो. ज्या चोरीत प्रत्येकाचे थोडे आणि कोट्यवधींचे मिळून डोंगराएवढे जातात, ती पकडण्यासाठीच हा कायदा जगभर केला गेला. गूगलविरुद्ध बोलायला स्टार्टअप होते, त्यांच्या संघटना होत्या, इंग्रजी वर्तमानपत्रांत लिहिणारे होते, माझ्यासारखे ट्विटरवर तावातावाने बोलणारे इंजिनिअर होते. त्यांना आयोगाची गरज होती, पण आमच्याहून कमी होती.

आणि आता तर मधली गादीही काढून घेतली आहे. खरीप २०२२ मध्ये सरकार पालाशच्या किलोमागे २५ रुपये ३१ पैसे अनुदान देत होतं, पोटॅशच्या गोणीला साधारण ७६० रुपये. चढ्या भावाचा मोठा वाटा तिजोरी सोसत होती. २०२३-२४च्या रब्बीपासून ते किलोला २ रुपये ३८ पैशांवर आलं. गोणीला ७१ रुपये. जागतिक भाव उतरला होता म्हणून कपात झाली, ठीक. पण आता पुन्हा चढेल तेव्हा सास्काटूनचा भाव आणि आमची बांधी यांच्यामध्ये एकाहत्तर रुपये उभे आहेत.

एक गोष्ट आपल्या बाजूला बोचणारी आहे आणि ती लपवून हा लेख पुढे नेता येणार नाही. ज्या सुटीसाठी मी कॅनडाला शिव्या घालतोय, ती आपल्या कायद्यातही आहे. कलम ३(५) मधल्या दुसऱ्या उपकलमात लिहिलंय की निव्वळ निर्यातीसाठी केलेल्या कराराला कार्टेलविरोधी तरतूद लागू नाही. म्हणजे उद्या गोंदियाच्या राइस मिलवाल्यांनी एकत्र बसून आफ्रिकेला तांदूळ अमुक भावाखाली द्यायचाच नाही असं ठरवलं, तर तो इथे गुन्हा नाही. भारत जगातला सगळ्यात मोठा तांदूळ निर्यातदार आहे. जुलै २०२३ मध्ये सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा दूरच्या गरीब देशांत भाव कसे उडाले ते जगाने पाहिलं. ते संगनमत नव्हतं, सरकारी निर्णय होता; पण दुसऱ्याच्या ताटावर आपला हात किती असतो ते त्यातून कळतं. कोणी सेनेगलमधला इंजिनिअर माझ्यासारखाच लेख लिहीत बसला असेल तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आपली सूट आपण आधी काढावी. एका दुरुस्तीचं काम आहे. मग कॅनडाशी २०१० पासून रखडत, तुटत, पुन्हा जुळत चाललेल्या व्यापार कराराच्या टेबलावर तोंड वर करून सांगावं की निर्यात कार्टेलची सूट दोघांनी मिळून मोडू. मसूर आणि व्हिसा यांवर बोलणाऱ्यांनी पोटॅशवरही बोलावं. आणि आयोगाने स्वतःहून चौकशी सुरू करावी. त्याला तक्रारीची वाट बघायची गरज नाही, कायदा तसा अधिकार देतो. २०२३च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा मोजताना कंपनीची जगभरची उलाढाल धरता येते. हे हत्यार सगळ्यांनी मोठ्या टेक कंपन्यांकडे बघत घडवलं, पण त्याच्यावर कोणाचं नाव कोरलेलं नाही.

गूगलचा आदेश चूक होता असं यातून कोणी काढू नये. तो बरोबर होता, मी आजही त्याच्या बाजूने भांडेन. माझं भांडण आयोगाने कुठे पाहिलं याच्याशी नाही, कुठे पाहिलं नाही याच्याशी आहे. आयोग धानापर्यंत कधी आलाच नाही असंही नाही: अन्न महामंडळाच्या गोदामात धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या गोळ्यांच्या निविदांमध्ये कंपन्यांनी एकच भाव भरला, तेव्हा आयोगाने त्यांना पकडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांचा दोष कायम ठेवला, दंड तेवढा अपिलात कमी झाला. पण तिथे ग्राहक सरकार होतं. धान सरकारच्या गोदामात पोचल्यावर कायदा जागा होतो. बांधीत उभा असतो तोवर नाही.

यंदा जुलैत रोवणीला गेलो होतो तेव्हा लॅपटॉपवर आयोगाकडे द्यायच्या माहितीचा मसुदा लिहीत बसलो होतो. घटना घडल्यापासून तीन वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते, त्यामुळे २०१३चं रामायण त्यात चालणार नाही. चालू करारांवरच बोलावं लागेल. विरुद्ध पक्ष या रकान्यात मी कॅनपोटेक्स, सास्काटून असं टाइप केलं. बाबा पाय धुऊन आले, मागे उभं राहून स्क्रीनकडे बघत राहिले. काय लिहितोस, विचारलं. मी सांगितलं, खताच्या कंपनीची तक्रार करतोय, कॅनडातल्या.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाटल्या आता पाच झाल्या होत्या.

"त्याच्यात त्या बाटलीवाल्याचं नाव टाक ना पयले," ते म्हणाले.